आशा म्हणजे गुंगी नव्हे, हमीही नव्हे

देवावर आशा ठेवणारा माणूस हळूहळू जगाकडे पाठ फिरवतो, हा आरोप आपल्याकडे इतका रुळला आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी तो फार धारदार होऊन समोर येतो, कारण तिथली अनिश्चितता रोजची आणि पोटाशी भिडलेली आहे. हंगामी कामगाराचे २४० दिवस भरले की कायदा त्याच्या बाजूने उभा राहू लागतो, म्हणून सातव्या महिन्याच्या सुमारास त्याला ‘ब्रेक’ द्यायचा, ही रीत महाराष्ट्रातल्या कारखानदारी पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ब्रेक संपला की पुन्हा ठेकेदाराच्या सुपरवायझरसमोर उभे राहायचे, पुन्हा नवा गेटपास काढायचा आणि नोकरीचा पहिला दिवस पुन्हा मोजायला लागायचे. त्यातच तंत्र बदलते आहे. डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि नोझल घडवण्यात नाशिकच्या दोन पिढ्यांचे हात तयार झाले. विजेवर चालणाऱ्या गाडीला इंजेक्टर लागतच नाही. असा माणूस रविवारी उपासनेला जाऊन देवावर भरवसा ठेवतो तेव्हा टीकाकाराला एवढेच दिसते की ज्याने युनियनच्या सभेत बसायला हवे होते तो प्रार्थनेला जाऊन बसला. धर्म ही अफूची गोळी आहे, या कार्ल मार्क्सच्या १८४४मधल्या निदानाचा दाखला मग आपसूक दिला जातो.

हा आरोप उडवून लावण्याजोगा नाही. परलोकाचे गोडवे गाऊन इहलोकातला अन्याय झाकणारी प्रवचने झाली आहेत आणि होत आहेत. शिवाय आमच्याच ख्रिस्ती घरातून या आरोपाला बळ देणारे लोक निघाले आहेत. विश्वास ठेवा म्हणजे नोकरी कायम होईल, दशमांश द्या म्हणजे कर्ज फिटेल, या सभेला या म्हणजे दुखणे पळेल, अशा जाहिराती ख्रिस्ताच्या नावाने होतात आणि हातावर पोट असलेल्या माणसालाच त्या आधी गाठतात. टीकाकार म्हणतो, तुमची आशा ही गुंगी आहे. अशा जाहिराती करणारा प्रचारक म्हणतो, आमची आशा ही हमी आहे. दोघे एकमेकांचे विरोधक वाटले तरी आशेचा अर्थ दोघांनी एकच धरला आहे : पुढे काय होणार याचे भाकीत. एकाच्या मते ते भाकीत खोटे, दुसऱ्याच्या मते हुकमी. माझे म्हणणे असे की ख्रिस्ती आशा हे भाकीतच नाही. ती एका वचन देणाऱ्यावरचा भरवसा आहे, आणि निकाल हाती नसताना योग्य ते काम करत राहण्याची ताकद तिच्यातून येते. हे मी नव्याने काढलेले नाही. पवित्र शास्त्रात आणि नाशिकच्या इतिहासात ते स्पष्ट दिसते.

यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातले दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचावेत. यहूदाचे राज्य बाबेलच्या टाचेखाली आले होते, राजा आणि कारागीर कैद होऊन गेले होते. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सर्वांसमक्ष सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येईल. लोकांना हेच ऐकायचे होते. यिर्मया त्याला खोटा ठरवतो आणि बंदिवासातल्या लोकांना पत्र लिहितो की हे लवकर संपणार नाही, सत्तर वर्षे लागतील; तिथेच घरे बांधा, मळे लावा, लग्ने करा आणि ज्या शहरात तुम्हांला नेले त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे हमी विकणाऱ्याला शास्त्राने स्वतःच खोटा संदेष्टा म्हटले आहे. त्यासाठी आपल्याला बाहेरच्या टीकाकाराची वाट पाहावी लागली नाही. दुसरा प्रसंग पुढचा. जेरुसलेमला वेढा पडला आहे, यिर्मया स्वतः पहाऱ्याच्या चौकात अटकेत आहे, आणि शहर पडणार हे तो स्वतःच सांगत आला आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथचे आपले शेत विकत घे. ज्या मुलखावर शत्रूचे सैन्य पसरले आहे तिथली जमीन! यिर्मया सतरा शेकेल रुपे तोलून देतो, खत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, त्यावर मोहर लावतो आणि मोहरबंद व उघडी अशा दोन्ही प्रती आपला लेखक बारूख याच्या हाती देऊन मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकतील. या देशात पुन्हा घरे, शेते, द्राक्षमळे विकत घेतले जातील, असे देवाने सांगितले म्हणून. खत झाल्यावर त्याने केलेली प्रार्थना मात्र निश्चिंत माणसाची नाही. त्याला हे कोडे वाटते आणि तो ते देवापुढे बोलूनही दाखवतो. पुढे शहर पडले, यिर्मयाला त्याच्या मनाविरुद्ध मिसरात नेण्यात आले, आणि त्या शेतात त्याने पेरणी केल्याची नोंद ग्रंथात कुठेही नाही. हिशेबाने पाहिले तर व्यवहार बुडीत. पण त्यात गुंगी कुठे आहे? गुंगीतला माणूस साक्षीदार बोलावून दोन प्रतींत खत करत नाही.

आता नाशिककडे येऊ. अंबडहून शहरात शिरून पुढे गेले की शरणपूर रोड लागतो. आज तिथे दुकाने, दवाखाने आणि वाहनांची कोंडी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे चर्च मिशनरी सोसायटीची शरणपूर ही वस्ती उभी राहिली, आणि विल्यम साल्टर प्राइस या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली तिथे आफ्रिकी मुलामुलींना आसरा मिळाला. अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांवरून इंग्रजांच्या आरमाराने सोडवलेली ही मुले होती. गाव जळालेले, आईबाप मारले गेलेले किंवा विकले गेलेले, भाषा तुटलेली. यापेक्षा अनिश्चित आयुष्य कल्पिता येणार नाही. शरणपुरात त्यांना अक्षरे, सुतारकाम, लोहारकाम आणि ख्रिस्ताची गोष्ट मिळाली. टीकाकाराचे गणित खरे असते तर ही मुले नाशिकच्या सुरक्षित सावलीत स्तोत्रे गात बसली असती. घडले उलटे. १८६६मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासाला निघाले तेव्हा नाशिकचे नऊ तरुण त्यांच्याबरोबर होते. मागाहून पाठवलेल्या तुकडीत जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा त्यांचे हृदय तिथेच झाडाखाली पुरण्यात आले, अंत्यविधीची प्रार्थना वेनराइटने वाचली आणि झाडावर नाव कोरले. मग लिव्हिंग्स्टनच्या सोबत्यांनी ते शव हजार मैलांहून अधिक अंतर चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत ते पुरले गेले तेव्हा वेनराइट तिथे हजर होता.

तरीही लिव्हिंग्स्टनची कथा मला इथे दुय्यम वाटते. ती एका गोऱ्या माणसाभोवती फिरते. मोठी गोष्ट त्यानंतरची आहे. १८७४मध्ये प्राइस मोंबासाला गेले आणि पुढच्या वर्षी तिथे गुलामीतून सुटलेल्यांची फ्रीरटाउन ही वस्ती वसली. तिला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीर यांचे नाव देण्यात आले. या कामाचा कणा होते नाशिकला शिकलेले आफ्रिकी लोक. ज्या किनाऱ्यावरून त्यांना पळवून नेले होते त्याच किनाऱ्यावर ते आपणहून परतले, आणि गुलामांचा व्यापार तेव्हा पुरता संपलेला नव्हता. त्यांच्यापैकी विल्यम जोन्स यांनी मोंबासाजवळच्या राबाई इथे मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला. जमीनदार चिडले, दंगलीची धास्ती पडली, मिशनच्या वरिष्ठांनाही हे जड गेले. शेवटी १८८९च्या सुरुवातीला मोबदला देऊन त्या शेकडो माणसांची सुटका मान्य करावी लागली. स्वतः विकल्या गेलेल्या माणसाने देवावर आशा ठेवली आणि तिच्या बळावर इतरांना विकू दिले नाही, हा पुरावा समोर ठेवून मग अफूची भाषा बोलावी. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आशेवरच्या २००७च्या आपल्या परिपत्रकाच्या सुरुवातीलाच सुदानात पळवून विकल्या गेलेल्या जोसेफिन बखिताचे चरित्र सांगितले. मराठी ख्रिस्ती मंडळीला तेवढ्यासाठी सुदान गाठायची गरज नाही. आपल्या शहरातली ही माणसे आपण विसरलो आहोत, आणि त्याची मला खरोखर खंत वाटते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण अधिक परिचित आहे, म्हणून थोडक्यात. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील डोळ्यांदेखत गेलेली ही बाई. देव पाऊस पाडतोच, भाकरी देतोच, असे भाकीत करणारी आशा तिच्याजवळ उरणे शक्य नव्हते. १८९६-९७च्या दुष्काळात तिने मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा केल्या आणि केडगावला आणल्या. विहिरी खणल्या, माग लावले, छापखाना घातला. १९००च्या सुमारास तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर तिने स्वतः केले आणि त्याचे खिळे केडगावच्या मुलींनी जुळवले. ज्यांना अक्षर शिकण्याचीही मुभा नव्हती त्या मुली शास्त्राची पाने जुळवत होत्या. १९२१मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. काम हाती सोपवायचे ते माणूसच गेले. तरी भाषांतर पुरे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. छापील संपूर्ण ग्रंथ १९२४मध्ये आला. तो त्यांनी पाहिला नाही.

यावर टीकाकार म्हणेल की निवडक माणसे पुढे करून काय होणार, मंडळीचे एकूण वर्तन पाहा. हा आक्षेप मी मार्क्सपेक्षा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडून घेईन, कारण त्यांनी तो आपल्या मातीतल्या अनुभवावरून मांडला आणि त्यात त्यांचा जीव गुंतला होता. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्येच सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात झाली. त्यांनी ख्रिस्ती धर्माचाही बारकाईने विचार केला होता. धर्मांतरित ख्रिस्ती लोकांच्या स्थितीवर लिहिताना त्यांनी दोन घाव घातले : चर्चने जात मोडली नाही, आणि अस्पृश्याला त्याची अवनती समाजव्यवस्थेमुळे झाली असे सांगण्याऐवजी ती पापामुळे झाली असे शिकवले, त्यामुळे व्यवस्था बदलण्याची त्याची उमेदच मावळली. पहिला घाव आम्ही नाकारू शकत नाही. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांमध्ये लग्न जुळवताना जात आजही विचारली जाते. दुसरा घाव एका विशिष्ट उपदेशावर बसतो आणि तो तिथे बसायलाच हवा. पण त्या उपदेशाला शास्त्राचा आधार कितपत आहे ते पाहावे. मिसरातले इस्राएल लोक विटा थापत, मार खात होते, तेव्हा देवाने त्यांना ही गुलामी तुमच्या पापाचे फळ आहे असे सांगितले नाही. त्याने त्यांचा आक्रोश ऐकला आणि मोशेला फारोकडे पाठवले. मुळातली कथा अशी आहे. पुढची सगळी आशा तिच्यावर उभी आहे. म्हणून बाबासाहेबांच्या टीकेला उत्तर देण्याचा मार्ग त्यांच्याशी वाद घालण्याचा नाही; त्यांनी दाखवलेली लबाडी प्रवचनातून काढून टाकण्याचा आहे. १९५०च्या राष्ट्रपती आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिले. त्यांनी त्याविरुद्ध चालवलेला लढा अजून संपलेला नाही, आणि तो चालवणारे लोक प्रार्थनाही करतात.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य भाषेत येतो. देव कशाला मध्ये हवा? संघटना आहे, कायदा आहे, विज्ञान आहे. माणसाने माणसावर आशा ठेवावी. या तिन्ही गोष्टी मला हव्या आहेत, आणि ज्या ख्रिस्ती माणसाला त्या नकोत त्याने रमाबाईंच्या विहिरी आठवाव्यात. पण प्रगतीवरची आशा एका प्रश्नापाशी थांबते. पुढच्या पिढ्यांना चांगले दिवस येतील हे खरे मानले, तरी आधीच्या पिढ्यांचे काय? रमाबाईंच्या आईवडिलांचे काय? मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि अंबडच्या कडेने जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावरून बायामुले घेऊन हजारो मजूर कसारा घाट चढत उत्तरेकडे चालत निघाले. त्या महिन्यांत देशभरच्या रस्त्यांवर जे वाटेतच कोसळले त्यांना उद्याचा चांगला कामगार कायदा काय देणार? मेलेल्यांना प्रगती काही देऊ शकत नाही. ती त्यांना खर्ची टाकून पुढे जाते. ख्रिस्ती आशा पुनरुत्थानाची आहे, म्हणजे न्याय मिळण्याआधी जे गेले त्यांचाही हिशेब देवाकडे मिटलेला नाही, असे ती म्हणते. हे मानणारा माणूस एकाही मृत्यूला विकासाची किंमत म्हणून हात झटकून मोकळा होऊ शकत नाही. जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमान १९४३मध्ये हॅम्बुर्गच्या बॉम्बवर्षावातून वाचला, तेव्हा त्याच्या शेजारी उभा असलेला मित्र मारला गेला होता. युद्धकैद्यांच्या छावणीत त्याच्या हाती बायबल पडले. १९६४मध्ये त्याने आशेवर ग्रंथ लिहिला, आणि त्याचा गाभा हाच आहे की ज्याला देवाच्या वचनाची आशा आहे त्याचे आजच्या परिस्थितीशी कधीच जमत नाही. ती आशा त्याला अस्वस्थ करते.

उरतो सर्वांत कठीण प्रश्न. हे सगळे उपयोगी असेल, पण खरे आहे का? उपयुक्ततेने सत्य सिद्ध होत नाही, हे टीकाकाराचे म्हणणे मला मान्य आहे, आणि प्रेषित पौलालाही मान्य होते. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आणि आम्ही सर्वांत केविलवाणे, असे त्याने करिंथकरांना लिहिताना उघड मान्य केले. समाधान मिळते ना, मग पुरे, असे तो म्हणत नाही. ते पत्र वधस्तंभाच्या घटनेनंतर साधारण पंचवीस वर्षांतले आहे आणि त्यात साक्षीदारांची यादी आहे, त्यातले बहुतेक अजून हयात आहेत असे तो म्हणतो. शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेच्या पहिल्या साक्षीदार स्त्रिया आहेत, त्या काळी ज्यांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. गोष्ट रचणाऱ्याने अशा साक्षीदार निवडल्या नसत्या. गुरूला पकडल्यावर पळून गेलेले शिष्य काही आठवड्यांत त्याच शहरात उभे राहून बोलू लागले. याने गणितासारखी सिद्धता होत नाही. पण कोणी आपल्या इच्छेपोटी हे रचले असेही म्हणता येत नाही, कारण वधस्तंभावर मेलेला मसीहा ही त्या काळी कोणाचीच इच्छा नव्हती. प्रामाणिक माणूस हे तपासून नाकारू शकतो. न तपासता ‘अफू’ म्हणणे मात्र आळस आहे.

आणि दुःखाचे काय? देव आहे तर ब्रेक का मिळतो, पोर का दगावते? याचे उत्तर ख्रिस्ती माणसाकडे आहे असा आव आणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. शास्त्रात उत्तरापेक्षा विलापाला जास्त जागा आहे. स्तोत्रांचा मोठा भाग तक्रारीचा आहे. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, गोठ्यात गुरे नाहीत, हे सगळे मोजून हबक्कूक संदेष्टा मग देवाकडे वळतो. तो मोजण्याचे टाळत नाही. खुद्द येशूने वधस्तंभावर देवाला विचारले की मला का टाकलेस. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी हा प्रश्न आहे त्याने दुखावलेल्या माणसाला गप्प बसायला सांगणे हा अधर्म होय.

म्हणून शेवटची विनंती टीकाकारांपेक्षा अंबड, सातपूर आणि सिडकोतल्या आमच्या मंडळ्यांना आहे. रविवारच्या प्रार्थनेत ब्रेकवर गेलेल्यांची, ठेकेदाराने पगार अडवलेल्यांची विनंती स्पष्ट शब्दांत मांडा. ‘सर्व गरजवंतांसाठी’ एवढ्यावर भागवू नका. नोकरीची हमी देणाऱ्या पाहुण्या प्रचारकाला व्यासपीठ देऊ नका. उपासनेनंतर एक टेबल मांडा, तिथे हिशेब आणि कायदा कळणारी दोन माणसे बसवा, आणि कोणाच्या पगारपत्रकात पीएफ कापला गेला पण खात्यात भरला गेला नाही, कोणाचे किती दिवस भरले, हे तपासून द्या. माणूस ख्रिस्ती आहे की नाही हे त्या टेबलावर विचारू नका. युनियनची सभा असेल त्या दिवशी प्रार्थनासभेची वेळ बदला. यातल्या कशालाही वरून परवानगी लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही. येत्या रविवारपासून सुरुवात करा.